टीच आणि दोन बोटं

पेणजवळच्या जोह्याच्या कारखान्यांत गणपतीचे पाय रंगवण्याचे काम बायकांकडे असते. डोळ्यांची आखणी करणारे कारागीर वेगळे. ते शेवटी येतात आणि त्यांच्यापुढे चहा बशीसकट ठेवला जातो. पायांना तसा मान नाही. अंगाचा रंग वाळला की पावलांवर आळता, नखांना फिकट गुलाबी, तोड्यांना सोनेरी, आणि मूर्ती पुढच्या पाटावर. सगुणाबाई मोकल लग्न होऊन जोह्यात आल्यापासून हेच काम करत आहेत. शेजारी बसून पितांबराचे काठ रंगवणारी सरू म्हणते, "हिच्या डोळ्यांना पट्टी बांधा नि नुसता पायावर हात फिरवायला द्या. कुठलं मॉडेल हाय ते सांगंल."

सगुणाबाईंचे यजमान काळुराम त्याच कारखान्यात साच्यांचे काम करतात. मूळ मूर्ती मातीत घडवायची आणि तिच्यावरून साचा काढायचा, हे त्यांचे काम. शाडूची माती सुकताना आटते, म्हणून साचा नेहमी थोडा मोठा धरायचा असतो. किती मोठा, हे ते बोटांनी सांगतात. पट्टी त्यांच्या हाताशी असते, पण ती बहुतेक वेळा पाठ खाजवण्यासाठी.

दिवाळीनंतर कारखान्याचे मालक हरेश शेठ सगळ्यांना सहलीला नेतात. अष्टविनायक झाले, गोवा झाला, महाबळेश्वर दोनदा झाले. गेल्या वर्षी तरुण मुलांनी मनालीचा हट्ट धरला. शेठने होकार दिला तेव्हा सगळे एकदम बोलू लागले. कानटोपी कुठे मिळते, तिथे मासे मिळतात का, बर्फात चप्पल चालते का. सगुणाबाईंनी एकच विचारले.

"शेठ, वाटंत सुंदरनगर लागतं का?"

शेठने मोबाइल काढून नकाशा पाहिला. "लागतं वयनी. मनालीच्या आधी. रस्त्यावरच हाय."

सुंदरनगरला कोण राहते हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. काळुराम कोपऱ्यात रबरी साच्याला चिकटलेले प्लास्टर नखाने काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुंदरनगरला त्यांची मुलगी राहते. किमया पेणच्या कॉलेजातून बीएस्सी झाली आणि रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत, लॅबमध्ये लागली. शिफ्ट असायची. जोह्याहून रोज जाणे-येणे जमेना, म्हणून ती वरसे गावात आत्याकडे, काळुरामांची बहीण गिरजाबाई यांच्याकडे राहू लागली. त्याच लॅबमध्ये सुंदरनगरचा एक मुलगा होता.

पोपटीचे दिवस होते. काळुरामांनी शेतावर मडक्यांत वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावली आणि एक मडके खास मुलीसाठी काढून ठेवले. गरम राहावे म्हणून गोणपाटात गुंडाळून ते एसटीने रोह्याला गेले, तिथून रिक्षाने वरसेला. गिरजाबाईंनी दार उघडले आणि म्हणाल्या, "दादा, आत ये. बस आधी. ती काल लग्न करून गेली रे."

काळुराम आत गेले नाहीत. मडके घेऊन परत आले. सगुणाबाई सांगतात, गोणपाटाची गाठसुद्धा सुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेंगा गुरांपुढे पडल्या. तेव्हापासून काळुराम रोह्याला गेलेले नाहीत, बहिणीच्या घरीही नाहीत, आणि घरात पोपटी लागलेली नाही.

किमयाचा फोन दुपारच्या सुट्टीत येतो. सगुणाबाई मोबाइल घेऊन मूर्ती वाळत घालतात त्या अंगणात जातात आणि मूर्तींच्या रांगांमधून चालत बोलतात. बोलणे साधे असते. काय केलेस जेवायला, थंडी किती आहे, सासू बरी आहे का. श्रावण आला की किमया विचारते, "आई, गणपतीला येऊ?" सगुणाबाई म्हणतात, "इचारते." एका वर्षी त्यांनी खरेच विचारले होते. काळुराम जेवत होते. त्यांनी ताटात हात धुतला आणि उठले. नाही असे ते म्हणाले नाहीत. पण जोह्यातल्या बाईला नवऱ्याने 'हो' म्हटल्याशिवाय पोरीला गणपतीला ये म्हणता येत नाही, आणि हा 'हो' दर वर्षी राहून जात होता. मधल्या काळात किमयाला मुलगी झाली. ती चार वर्षांची झाली. सगुणाबाईंनी तिला फक्त मोबाइलवर पाहिले होते.

सहल ठरल्यावर त्या पेणच्या बाजारात गेल्या आणि लोकर घेतली. दुकानदाराने रंग विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "पितांबरी." त्याला तो रंग बरोबर समजला, पेणच्या दुकानदाराला समजतोच. काठासाठी लाल घेतली. विणकाम त्या शाळेत शिकल्या होत्या. पुढे आळीतल्या प्रत्येक बाळंतिणीच्या बाळाला त्यांच्या हातची कुंची आणि मोजे गेले. पण ते तान्ह्या बाळाचे मोजे. त्यांना माप लागत नाही. नाडी ओढली की बसतात.

विणायला सुरुवात झाली ती पनवेलहून गाडी सुटल्यावर. कारखान्याची माणसे निम्म्या डब्यात पसरली होती. भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि पत्ते बाहेर निघाले. सगुणाबाईंनी पिशवीतून सुया काढून टाके घातले.

सरू समोर बसली होती. "कोणाला गो मोजे?"

"बघते, कोणाला बसतात ते."

"हिमाचलात मोजे न्यायचे म्हंजे पेणात भायेरनं गणपती विकत आणायचा. तिथं दर दुकानात टांगलेले असतील."

"असूं देत."

"नि माप? पोरीला इचारलंस का पायाचं?"

विचारले नव्हते. विचारले असते तर किमया म्हणाली असती, कशाला आई, इथे मिळतात. मग मोजे राहिले असते आणि हातात घेऊन जाण्यासारखे काहीच उरले नसते. शेजारच्या नाथाची मुलगी तेवढीच होती, तिचे पाऊल मोजता आले असते. पण वाढत्या पोराचे दोऱ्याने माप घेऊ नये, वाढ खुंटते, असे सगुणाबाईंच्या सासूने त्यांना सांगितले होते. आपल्या नातीसाठी दुसऱ्याच्या मुलीला दोरा लावायला त्यांचा हात धजला नाही.

त्यांच्याजवळ एक फोटो होता. नात, जिला सगळे पीहू म्हणतात, बिस्किटाचा पुडा गालाला लावून हसते आहे. सगुणाबाईंनी सहलीच्या खाऊतून तसाच पुडा काढला. फोटोत चेहरा पुड्याएवढाच दिसत होता. म्हणजे चेहरा कळला. चेहरा कळला की पाऊल कळते. कारखान्यात असेच चालते. त्यांनी पुड्याच्या निम्म्यावर नखाने खूण केली आणि टाके मोजले.

"पीहू," सरू म्हणाली. "ह्ये काय नाव गो? पक्षी का काय?"

"हाय तिकडचं."

"नाव धरून हाक मारायचं म्हटलं तर रानात शीळ घातल्यासारखं वाटंल."

काळुराम वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते झोपलेले नाहीत हे सरूला दिसत होते, कारण त्यांचा पाय हलत होता. रतलामच्या आसपास ते खाली उतरले, चहा घेतला आणि सुयांकडे बघत म्हणाले, "कोणाचे?"

"थंडीचे," सगुणाबाई म्हणाल्या.

"हं," ते म्हणाले आणि पुन्हा वर गेले.

चंदीगडहून पुढे बस होती. रात्रीत घाट चढून सकाळी मनाली, असा बेत होता. त्यामुळे जाताना सुंदरनगर अंधारातच मागे गेले. हरेश शेठने सगुणाबाईंना बाजूला घेऊन सांगितले होते, येताना दुपारचा जेवणाचा थांबा तिथेच घेऊ, पोरीला कळवून ठेवा. हे बसमध्ये सगळ्यांना माहीत होते. काळुरामांना कोणी सांगितले नव्हते.

मनालीत तीन दिवस सगळ्यांनी पर्यटकांनी करायचे ते सगळे केले. भाड्याचे कोट आणि गमबूट घालून मंडळी डोंगरातल्या बोगद्यापलीकडे बर्फात गेली. तिथे कारखान्याच्या मुलांनी बर्फ हातात घेतले, आणि हात आपोआप आपल्या कामाला लागले. थोड्या वेळात पोट झाले, मग सोंड. सोंड पुन्हा पुन्हा गळून पडत होती, तेव्हा कोणीतरी काळुरामांना बोलावले. त्यांनी गुडघ्यावर बसून सोंड पोटाला टेकवून वळवली, कान बसवले, गणपतीची मांडी आसनावर घडवली. दिल्लीची, गुजरातची माणसे फोटो काढायला जमली. काळुराम लालबुंद झालेले हात झटकत उठले.

"माती कामाची नाय," ते शेठला म्हणाले. "आटत नाय, नुसती निसटते."

सगुणाबाई चहाच्या टपरीसमोर खुर्चीवर बसून दुसरा मोजा विणत होत्या. बर्फ त्यांनी एकदा हातात घेऊन पाहिले आणि हात पदराला पुसला. सहलीच्या फोटोंत त्या जवळजवळ कशातच नाहीत. एका फोटोत कडेला पितांबरी लोकरीचा गुंडा दिसतो.

परतीच्या दिवशी सकाळी बस निघाली तेव्हा दोन्ही मोजे तयार होते. लाल काठ, टाचेला दुहेरी लोकर. सगुणाबाईंनी ते मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केले. सरूने एक उचलून बघितला, उलटा केला, सुलटा केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडले, पण सगुणाबाईंचा चेहरा पाहून मोजा परत ठेवला.

काळुराम नेहमी मागे बसत. त्या दिवशी ते पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी बसले. वाटेत त्यांनी ड्रायव्हरला विचारले, "जेवाय कुठं?" ड्रायव्हरने सांगितले. मंडी गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारले.

धाब्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. किमया रस्त्याच्या कडेला उभी होती, अंगात निळे स्वेटर, आणि तिच्या मागे, तिचा कुर्ता धरून, एक मूल. बस पुरती थांबण्याआधीच सगुणाबाई दाराशी होत्या. खाली उतरल्यावर मात्र त्यांना काय करावे ते सुचेना. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बारीक झालीस."

"तूच झालीस," किमया म्हणाली. तिने बसकडे पाहिले. "बाबा?"

"हायेत. वर बसलेत. गुडघा धरलाय."

पुढच्या खिडकीत कानटोपी दिसत होती. किमयाने तिकडे एकदा पाहिले आणि मग पाहिले नाही.

बाकीची मंडळी पराठे मागवू लागली. त्यांनी मुद्दाम लांबची टेबले धरली आणि मुद्दाम मोठमोठ्याने बोलायला सुरुवात केली. पीहू आईच्या मागून पुढे यायला तयार नव्हती. सगुणाबाईंना हिंदी फारशी येत नाही आणि पीहूला मराठी येत नाही. सगुणाबाईंनी पिशवीतून मोजे काढून दोन्ही हातांत धरले. रंगाने काम केले. मुलगी पुढे आली.

"नानी ने बनाया," किमयाने तिला सांगितले.

पीहू खुर्चीवर बसली आणि स्वतःच बूट काढून पाय पुढे केला. सगुणाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. आयुष्यभर त्या याच उंचीला बसून काम करत आल्या आहेत, पाय डोळ्यांसमोर आणि बाकीचे सगळे वर. त्यांनी पाऊल हातात घेतले आणि क्षणभर तसेच धरले. ते अरुंद होते, लांब होते, थंड होते, आणि बोटे हलत होती.

मोजा बोटांवरून गेला, चवड्यावरून गेला आणि तळव्याच्या मध्यावर थांबला. टाचेचा भाग तळव्याच्या खोलगटात अडकला. बाजूंनी मात्र इतका सैल की आणखी एक पाऊल मावले असते. सगुणाबाईंनी ओढून पाहिले. पीहू हसू लागली.

"छोटा है," ती म्हणाली.

किमया खाली वाकली. तिने मोजा निरखला, आखूड, रुंद, पुढे गोल, आणि तिच्या लक्षात आले. ती त्याच कारखान्याच्या अंगणात वाढलेली होती. "आई गो," ती म्हणाली, "ह्ये बाळगणेशाचं पाऊल केलंस तू."

बाळगणेशाचे पाऊल चेहऱ्याच्या निम्मे असते आणि जवळपास तेवढेच रुंद. ते गोजिरे दिसावे म्हणून तसे घडवतात. माणसाच्या पोराचे तसे नसते, हे स्वतःची पोर वाढवलेल्या, आळीतली पन्नास पोरे पाहिलेल्या बाईला माहीत नव्हते असे नाही. पण फोटोवरून माप काढायला बसल्यावर त्यांच्या हाताला एकच पद्धत ठाऊक होती.

मागच्या टेबलावरून सरू ओरडली, "बोलनार होते मी! मेल्या तोंडाला कुलूप घातलं!"

सगळे हसले. किमया हसली, हसता हसता तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसले. सगुणाबाईही हसल्या. त्या म्हणाल्या, "दे, उसवून मोठे करून धाडते." पीहूने एक मोजा दिला. दुसरा तिने हातात घातला होता. तो तिला हाताला छान बसत होता आणि ती तो द्यायला तयार नव्हती. ती मोज्याच्या हाताने सगुणाबाईंच्या गालाला, कपाळाला, कुंकवाला हात लावत होती.

जेवणे लवकर आटोपली. शेठने शक्य तितका वेळ काढला, टायरला लाथा मारून पाहिल्या, पुन्हा चहा मागवला. शेवटी ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला. किमयाने आईच्या पिशवीत अक्रोड घातले, आणि एक मफलर. राखाडी रंगाची, बायकांची नव्हे. "सांगू नको कोणी दिली," ती म्हणाली. मग बसच्या पायरीपाशी तिने दर वर्षीचा प्रश्न या वेळी तोंडावर विचारला. "आई, गणपतीला येऊ?"

सगुणाबाई म्हणाल्या, "इचारते."

बस निघाली. मागच्या काचेतून निळे स्वेटर आणि हवेत हलणारा एक पिवळा मोजा वळणापर्यंत दिसत होता.

सगुणाबाई सीटवर बसल्या आणि उरलेला मोजा उसवू लागल्या. लोकर सुटत होती तशी गुंड्यावर चढत होती. शेजारी सरू गुंडा सांभाळत होती. बिलासपूरच्या अलीकडे काळुराम आपल्या सीटवरून उठले आणि बस वळणावर असताना एकेक सीट धरत मागे आले. सरूने त्यांच्याकडे पाहिले, उठली आणि मागच्या सीटवर गेली.

काळुराम बसले.

"टाच अडकली," काळुराम म्हणाले.

सगुणाबाईंचा हात थांबला.

"चवड्याशी सैल. नि टाच अर्ध्यावर."

"तुमाला काय दिसलं तिथनं?"

"दिसलं. आता किती धरनार?"

सगुणाबाईंनी मघाशी हातात धरलेले पाऊल आठवून दोन तळहात समोर धरले. काळुरामांनी नाही अशी मान हलवली. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि अंगठा व तर्जनी ताणून टीच केली. त्यापुढे डाव्या हाताचे एक बोट आडवे ठेवले.

"टीच नि एक बोट. आपल्या किमीचं ह्या वयाला टीचभर होतं. हिचं बापावर गेलंय, लांबडं." मग ते म्हणाले, "वाढीचं धर."

"किती?"

"मातीला आटन्याचं धरतो. हिथं उलटं."

"व्हय, पन कवापर्यंतचं धरू?" सगुणाबाईंनी विचारले. "आता डिसेंबरात धाडले तर अर्धं बोट पुरे."

काळुराम खिडकीबाहेर पाहत होते. खाली कुठेतरी नदी होती, ती वळणावर दिसायची आणि पुन्हा जायची.

"गनपतीपर्यंतचं धर," ते म्हणाले. "टीच नि दोन बोटं."

मागच्या सीटवरून सरूचा आवाज आला. "भादव्यात? जोह्यात ती पोर लोकरीचे मोजे घालनार? घाम फुटंल तिला!"

सगुणाबाईंनी मोबाइल काढला, पाहिला आणि पिशवीत परत ठेवला. डोंगरात रेंज नव्हती. मग त्यांनी सुई घेतली आणि ती काळुरामांच्या टिचेवर आडवी धरली. गणपतीला अजून नऊ-दहा महिने होते. बस उताराला लागली होती, प्रत्येक वळणावर सगळी माणसे एका बाजूला झुकत होती. काळुरामांनी हात तसाच ताणून धरला आणि सगुणाबाईंनी टाके मोजून घातले.